पदरातल्या तीन कवड्या

परवा आमच्या जावयानं घरातला उडालेला फ्यूज बांधला. चांगली जाडजूड तांब्याची तार पिळून घातली आणि हात झटकत म्हणाला, "घ्या मामाजी, आता जनमभर उडत नाही." मी त्याच्या हातातला पेचकस हिसकावला आणि असा काही बोललो की पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नको बोलू म्हणावं. ज्याला फ्यूज कळत नाही त्यानं बोर्डाला हात लावू नये. मला तर तो चांगला कळत होता, आणि तरी मी तेच केलं होतं. म्हणून मंगरूची गोष्ट सांगतो. ऐकायला बरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोंदियात मालधक्क्याच्या मागे दुलीचंद शेठची धानाची मिल होती. आधी भुशावर चालणारं बॉयलर होतं. मंगरू त्या बॉयलरमध्ये भुसा घालायचा. सडक अर्जुनीच्याही पलीकडचा, जंगलातला गोंड माणूस. ठेंगणा, काळाभोर, बोलायला कमी. त्याची बायको फुलवंता त्याच मिलमध्ये धान पाखडायची. ती मात्र बोलायची दोघांच्या वाटचं. मी टिकाराम, तेव्हा पोत्यांची तोंडं बांधायचो. पोतं बांधायची माझी एक गाठ होती, दुहेरी पिळाची, जितकी ओढाल तितकी घट्ट. हमाल म्हणायचे, टिक्याची गाठ फक्त टिक्याच सोडू जाणे. तेव्हा मला त्याचा गर्व होता.

बावन्न साली मिलमध्ये विजेच्या मोटरी आल्या. बॉयलर थंड झालं. नागपूरहून आलेल्या मिस्त्रीला हाताशी एक माणूस पाहिजे होता, आणि मंगरू रिकामा उभा होता. एवढ्यावर तो फ्यूजवाला झाला. चार दिवसांत मिस्त्री शिकवून गेला. मंगरूनं एकही गोष्ट लिहून घेतली नाही, कारण लिहिता येतच नव्हतं. पण त्याला जे समजलं ते मोठमोठ्या शिकलेल्यांना समजत नाही.

पुढं मला त्याचा मदतनीस केलं तेव्हा त्यानं पहिल्या दिवशी मला विचारलं, "ह्या बोर्डात सगळ्यात कामाची तार कोणती?" मी मोठ्या केबलीकडं बोट दाखवलं. तो हसला. "नाई बे. हे बारीक. हिनं मराचं असते. हे मेली त मोटर वाचते, माणूस वाचते. जे तार मरत नाई, थे फ्यूज नोहे."

मग त्यानं सांगितलं ते असं. वीज वाहिली की कोणतीही तार तापते. तार जितकी बारीक तितकी जास्त तापते. म्हणून विजेच्या रस्त्यात एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवायचा, आणि तोही लवकर वितळणाऱ्या धातूचा: शिसं आणि कथील एकत्र करून. मोटर सुरू होताना एकदम घोटभर जास्त वीज पिते, तेवढं त्या तारेनं सोसलं पाहिजे. पण मोटर अडकली, फिरायची थांबली, की ती विजेचा हावरटासारखा घोट घेतच राहते. तेव्हा दहा मोजून झाले की तार वितळून तुटली पाहिजे. दहाच्या आत तुटली तर नाजूक, वीस मोजले तरी तुटली नाही तर कामाची नाही. मंगरू प्रत्येक नवी तार अशी मोजून पाहायचा. तार बसवायची ती चिनी मातीच्या पांढऱ्या ठोकळीत. चिनी मातीतून वीज जात नाही, ती जळत नाही, तार वितळताना जी ठिणगी उडते ती तिच्या पोटातच राहते. दोन टोकांना पितळी पाती, त्यांवर तार आवळायला एकेक पेच. ठोकळी बोर्डातून ओढून काढली की मोटर मेली, परत खोचली की जिवंत. आमच्या बाया त्या ठोकळीला कवडी म्हणत.

"अना हे ध्यानात ठेव," तो म्हणाला होता. "फ्यूज उडला त कवडीवर काजळी बसते. एका मोटरीच्या तीन कवड्या. मोटर अडकून बंद पडली असन त तिनातली एक तरी काळी पाहिजेच. तिन्ही गोऱ्या दिसल्या त समज, कोणी तरी खोटं बोलून राहिलं."

आता मिलमधलं सगळ्यात वाईट काम सांगतो. धान वर चढवायला बादल्यांचा पट्टा होता. जमिनीत एक माणूसभर खड्डा, त्यात पट्ट्याचं खालचं चाक, आणि त्याला लावलेल्या लोखंडी बादल्या धान भरून वर जायच्या. धान ओलसर असलं की खड्डा चोंदायचा, पट्टा अडकायचा, मोटर थांबायची. मग एक बाई खड्ड्यात उतरून हातानं धान उपसायची. शेठला बायाच लागायच्या, कारण खड्ड्याचं तोंड अरुंद होतं. बहुतेक वेळा फुलवंताच उतरायची, अंगानं काटकुळी होती म्हणून.

मंगरूनं त्या खड्ड्याचा एक नियम केला होता. फ्यूज उडाला की तो तिन्ही कवड्या बोर्डातून काढायचा आणि जी बाई उतरणार तिच्या पदरात बांधायचा. कवड्या तिच्या पदरात असेपर्यंत पट्टा हलणं शक्यच नाही. ती वर येऊन पदर सोडायची, कवड्या परत द्यायची, मग मंगरू नवी तार भरून पट्टा सुरू करायचा. इतकं साधं. पाच वर्षं ह्या नियमावर एका बाईचं नख मोडलं नाही. पदरात कवड्या खुळखुळल्याशिवाय एकही बाई खड्ड्यात पाय टाकत नसे.

शेठला हे डोळ्यांत खुपायचं. "ये औरतें फ्यूज को मंगलसूत्र जैसा बाँधके बैठती हैं," तो हमालांसमोर म्हणायचा, आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

फ्यूजची तार आधी बाहेरून यायची, गुंडाळीवर. दोन वर्षांनी शेठनं ती आणणं बंद केलं. म्हणाला, शिसं ही काय सोन्याची वस्तू आहे? घरी बनव. मंगरूनं बनवली. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढायचं, कल्हईवाल्याकडचं कथील त्यात टाकायचं, आणि जुन्या बॉयलरच्या कोठडीत भुशाच्या आगीवर लोखंडी पळ्यात वितळवायचं. छपराच्या कवेलूवर, म्हणजे कौलावर, कोरलेल्या खाचेत तो रस ओतायचा. थंड झालेली काडी मग सोनाराकडं असते तशा, बारीक होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढत ओढत तार करायची. कोठडीला खिडकी नव्हती. टोक पकडायला तो दात वापरायचा. तुकडा तोडायचा तोही दातानंच, आणि चाखून सांगायचा, शिसं जास्त झालं की कथील. त्यानं बांधलेल्या प्रत्येक तारेच्या टोकाला त्याच्या दातांची खूण असायची.

पहिल्यांदा त्याचं पोट दुखायला लागलं. गुरासारखा लोळायचा. शेठ म्हणाला, मोहाची पीत असेल. मंगरू थेंबालाही शिवत नव्हता, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. मग त्याच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसायला लागली. मग छप्पन्नच्या उन्हाळ्यात त्याची मनगटं पडली. हात पुढं केला की पंजा असा खाली लोंबायचा. बोटांनी पकड यायची, पण पंजा वर उचलायचा म्हटलं की उचलत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, हे शिशाचं विष आहे, ते काम सोड. शेठनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काम छोड़ दिया तो खाएगा क्या?"

आता माझं ऐका. मंगरूसारखे हात लोंबते सोडून मी चालून दाखवायचो आणि हमाल पोट धरून हसायचे. एकदा फुलवंतानं ते पाहिलं. मला वाटलं शिव्या घालेल. ती म्हणाली, "टिकाभाऊ, तुमी मस्करी करता, पर त्याचा पेच तुमीच कसून देता. मले मालूम हाय." पेच मी कसून देत होतो हे खरं. पण ते त्याच्यासाठी नव्हतं. तो गेला की फ्यूजवाला मी होणार होतो.

सत्तावन्नच्या पौषात मावठ झाली. खळ्यावरचं धान भिजलं आणि तसंच गाड्या भरभरून मिलमध्ये आलं. पट्टा दिवसातून सहा सहा वेळा चोंदायला लागला. प्रत्येक वेळी फ्यूज उडणार, कवड्या पदरात जाणार, बाई उतरणार, बाई चढणार, मंगरू लोंबत्या हातांनी तार भरणार. त्याच्या हातून पेच निसटून भुशात पडायचा आणि आम्ही शोधत बसायचो. एक दिवस शेठ स्वतः येऊन उभा राहिला. मंगरूचा पेच दोनदा पडला. तिसऱ्यांदा शेठनं त्याच्या पंजावर छडीनं टिचकी मारली आणि म्हणाला, "उठा ना हाथ! उठा!" मंगरूनं दंड वर केला. पंजा तसाच लोंबला. शेठनं दोन-तीनदा ते करून पाहिलं. मग त्याला फाटकाबाहेर काढलं.

जाताना मंगरू बोर्डाजवळ आला. खिशातून तारेचं एक वेटोळं काढून माझ्या हातावर ठेवलं. "एवढीच उरली हाय. हे भर. दुसरं काई भरू नको, टिका. अना कवड्या दिल्याबगर तिले उतरू देऊ नको."

मी म्हटलं, "नाही उतरू देत."

शेठनं मला बोर्डासमोर उभं केलं. "अब तू मिस्त्री है. ये पट्टे का फ्यूज दुबारा उड़ा, तो तू भी बाहर." मग त्यानंच केबलीतून सोललेले तांब्याचे तीन तुकडे माझ्या हातात दिले. मला कळत होतं. बाप्पा, मला इतकं स्वच्छ कळत होतं की आजही ते तांबं डोळ्यांसमोर दिसतं, लालभडक. मी ते तिन्ही कवड्यांत भरलं. मंगरूचं वेटोळं खणात टाकलं.

तीन दिवस फ्यूज उडाला नाही. पट्टा अडखळायचा, मोटर कण्हायची, पण ओढून न्यायची. शेठ मला मिस्त्रीजी म्हणाला. माझी छाती फुगली, का नाही फुगणार! चौथ्या दिवशी दुपारी पट्टा पुरता अडकला. थांबला. पण फ्यूज उडाला नाही. मोटर जागच्या जागी गुंगुं करत होती, आणि बाजूचे दोन्ही हलर, धान सडायची यंत्रं, इतक्या आवाजात चालू होते की ते गुंगुं फक्त बोर्डाजवळ उभं राहणाऱ्यालाच ऐकू यावं. म्हणजे मला.

फुलवंता आली. "टिकाभाऊ, कवड्या द्या."

आता बघा. मंगरूची तार असती तर एव्हाना ती वितळलेली असती. वीज तुटलेली असती आणि कवड्या हातानं अलगद निघाल्या असत्या. पण तांब्यातून भरभरून वीज चालू होती. अशा वेळी कवडी ओढली तर पितळी पातीतून जाळ फुटतो आणि हात भाजून निघतो. ते टाळायचं तर मोठा खटका पाडायचा, आणि खटका पाडला की सगळी मिल बंद. शेठ समोर गादीवर बसलेला. त्यानं सकाळीच बजावलं होतं, मिल थांबली तर तूही थांबशील.

बोर्डाखालच्या खणात मोटरीबरोबर आलेल्या तीन जादा कवड्या पडल्या होत्या. कोऱ्या. कधी न वापरलेल्या. मी पाठ करून खाली वाकलो आणि त्या काढल्या. फुलवंतानं पदर पुढं केला. मी तिन्ही मुठीआडूनच त्यात टाकल्या आणि माझी ती पोत्याची गाठ मारली, दुहेरी पिळाची. का मारली? घाईत हाताला सवय होती ती मारली. तिनं पदर हलवून पाहिला. कवड्या खुळखुळल्या. ती समाधानानं उतरली.

मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. पट्टा थांबलाच तर आहे, ती थोडं धान काढेल, वर येईल, मग बघू. इतकंच. माणूस मारायला ह्याच्यापेक्षा मोठा विचार लागत नाही.

तिनं पाच-सहा टोपल्या धान वर दिलं. मग खालच्या चाकाशी दाबून बसलेला गोळा काढायला तिनं हात खोलवर घातला असेल. गोळा निघाला आणि पट्टा सुटला. मोटर तयारच होती. उजवा हात कोपरापासून बादलीबरोबर गेला. ती ओरडली ते हलरच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही. वरच्या माळ्यावर धान घेणाऱ्या बाईनं बादलीत काय आलं ते पाहिलं, ती ओरडली, तेव्हा आम्हाला कळलं.

मग मी खटका पाडला. तेव्हा किती सहज पडला!

तिला खाटेवर घालून दवाखान्यात नेत होते, तेवढ्यात शेठ माझ्या कानाशी आला. "तार बदल दे." मिल बंदच होती. मी तांबं काढलं, खणातलं मंगरूचं वेटोळं घेतलं आणि तिन्ही कवड्यांत त्याची तार भरली. दोन टोकांना त्याचे दात उमटलेले होते.

संध्याकाळी पोलिसांचा जमादार आला. त्यानं बोर्ड उघडायला लावला. तार दिसली, अख्खी, न तुटलेली. शेठ म्हणाला, ही मंगरूनं घरी बनवलेली तार आहे, दाताच्या खुणा बघा, हीच वेळेवर उडाली नाही, आणि बाई कोणाला न विचारता उतरली. तोवर मंगरू दवाखान्यातून धावत आला होता. त्याच्या काखेत फुलवंताच्या लुगड्याचा फाडलेला पदर होता, रक्तानं भिजलेला. गाठ तशीच.

"साहेब, तिच्यापाशी कवड्या हायेत," तो म्हणाला. "हे गाठ पाहा. बाई पदराले अशी गाठ मारत नाई. हे टिकाची गाठ हाय."

त्यानं पदर वर धरायला हात उचलला. पंजा लोंबला आणि ते गाठोडं जमादाराच्या बुटांवर पडलं. जमादार मागं सरकला. "चिंध्या बाजूला घे आधी." मग माझ्याकडं वळून विचारलं, "का रे, तू बांधल्या होत्या?"

मंगरू माझ्याकडं बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता. मी खरं बोलेन असंच त्याला वाटत होतं, आणि त्याच गोष्टीचा मला आजही संताप येतो. अरे, माझ्यासारख्या माणसाकडं असं बघावं का कोणी?

"नाही," मी म्हटलं.

जमादारानं लिहिलं की तार मंगरूची होती. खाली माझी सही आहे.

दोघं नवरा-बायको गावाला निघून गेले. एकाचे दोन्ही पंजे लोंबते, एकीला एकच हात. मी मिस्त्री राहिलो. साठ साली, होळीच्या आधी, गावाकडचा एक गाडीवान सांगून गेला की मंगरू मेला. शेवटी वाचाही गेली होती म्हणे. मी का गेलो ते मला सांगता येत नाही. एसटीनं सडक अर्जुनीपर्यंत आणि पुढं पायी.

फुलवंता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती, डाव्या हातानं. मला पाहून तिनं पाणी आणून दिलं. जुनी ओळख असल्यासारखं बोलली. मग घरात गेली आणि धानाच्या ढोलीमागून एक चिंधी घेऊन आली. रक्त काळं पडून कडक झालेलं. गाठ तशीच.

"आमचा मानूस दोन साल मले म्हने," ती म्हणाली, "गाठ सोडून पाहू, तिन्ही गोऱ्या निंघतीन. मी म्हनो, नाई. टिकाभाऊ शेठले भेला असन, मनून जमादारापाशी खोटं बोलला असन. पर कवड्या त्यानं खऱ्याच देल्या. मी खाली असताना शेठनंच दुसऱ्या लावल्या असतीन. याच्यावरून आमचं लय भांडन होये. तो रडे. मी गाठ सोडूच दिली नाई. त्याच्यानं सुटत नव्हती, अना माया एका हातानं सुटत नाई."

तिनं ती चिंधी माझ्या मांडीवर ठेवली.

"तुमची गाठ हाय. तुमीच सोडा."

मी म्हटलं, "राहू द्या ना, फुलवंताबाई."

"सोडा."

रक्तानं पीळ आवळला होता, पण माझी बोटं ती गाठ विसरली नव्हती. सुटली. तिनं एकेक कवडी उचलली, पदरानं पुसली, उन्हात उलटसुलट करून पाहिली आणि खाटेवर मांडली. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरी तिनं बराच वेळ धरून ठेवली, काजळीचा एखादा डाग सापडतो का ते पाहत. तीही दुधासारखी पांढरी होती.

तीही तिनं खाटेवर ठेवली. घराच्या मागं, जिथं मंगरूला पुरलं होतं, तिकडं तोंड करून म्हणाली, "तू खरा बोलत होता गा." मग खाली बसून परत मोहफुलं पसरायला लागली.